तोंड वाकडं झालं म्हणजे पॅरालिसिसच का?

‘सकाळी उठून आरशात पाहिलं तर तोंड वाकडं. हा पॅरालिसिसचा झटकाच ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर वेळी नाही.

डॉक्टर आधी कपाळ बघतात. भुवया वर करायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते, म्हणून मेंदूतल्या झटक्यात गाल-ओठ ओघळले तरी कपाळावर बहुधा आठ्या पडतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नसच बंद पडली तर कपाळही हलत नाही आणि डोळाही मिटत नाही. पण घरी कपाळ बघून निकाल लावू नका. तोंड अचानक वाकडं झालं की तडक हॉस्पिटल गाठायचं. हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा तोल जाऊ लागला, तर क्षणभरही थांबू नका.

ही नस कानाजवळच्या हाडातल्या बोगद्यातून जाते. तो सर्वांत अरुंद जागी जेमतेम ०.७ मिलिमीटरचा असतो. तिथे नस सुजली की तिला फुगायला जागाच नसते आणि ती दाबली जाते. जिभेच्या पुढच्या भागाची चवही याच नसेतून जाते, म्हणून काहींना जेवण बेचव लागतं. कारण सापडलं नाही की त्याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. कानात पुरळ असेल तर ती नागिणीच्या विषाणूची करामत असू शकते. ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

बेल्स पाल्सीत स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. मोठ्यांना बहुधा प्रेडनिसोलोन, रोज ५० मिलिग्रॅम, १० दिवस देतात. मधुमेह असेल तर आधीच सांगा, साखर वाढते.

सगळ्यात जास्त जपायचा तो डोळा. चेहरा बहुतेकांचा सुधारतो, पण बुबुळावर जखम झाली तर नजर कायमची जाऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब वारंवार घाला, बाहेर पडताना चष्मा लावा. रात्री खालची पापणी ओढून आत मलम घाला, वरची पापणी बोटाने हळूच खाली आणा, डोळा पूर्ण मिटलाय याची खात्री करा आणि मगच टेप लावा. नुसती पट्टी बांधली तर आत डोळा उघडा राहतो आणि कापड बुबुळाला घासतं. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

बेल्स पाल्सीत औषधाविनाही दहापैकी सुमारे सात जण पूर्ण बरे होतात. मात्र अशक्तपणा आठवडेच्या आठवडे वाढतच गेला किंवा तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर एमआरआय करून दुसरं कारण शोधावंच लागतं.

चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा करंट देण्याची आणि जोर लावून तोंड वेडंवाकडं करण्याची घाई मला पटत नाही. नस परत वाढताना तिचे काही धागे चुकीच्या स्नायूंना जोडले जाऊ शकतात, मग हसताना डोळा मिटतो. व्यायाम आरशासमोर, सावकाश आणि हलकाच करा. ओठ हलवताना डोळा बारीक होऊ लागला की तिथेच थांबा आणि त्याहून कमी ताकदीने पुन्हा करा.