कोरी चकती: टांकसाळीची की कारखान्यातली?

ज्या चकतीवर सिंहमुद्रा नाही, मूल्य नाही आणि सालही नाही, तिला ‘एरर कॉइन’, म्हणजे टांकसाळीच्या चुकीने सदोष निघालेले नाणे, म्हणण्याची घाई कोणीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. ठसा सरकलेल्या नाण्यावर निदान अर्धीमुर्धी अक्षरे तरी साक्षीला असतात. कोऱ्या चकतीच्या बाबतीत मात्र तिचे वजन, व्यास, धातू आणि काठ यांवरच सारी भिस्त असते, म्हणून इतर शक्यता एकेक करून बाद झाल्यावरच ती टांकसाळीची मानावी.

नाणे घडताना धातूच्या पट्टीतून आधी गोल चकत्या कापल्या जातात, त्या भट्टीत तापवून नरम करतात, धुऊन उजळतात, मग त्यांचा काठ दाबून किंचित उचलून घेतात आणि सर्वांत शेवटी ठसा मारतात. काठ उचलण्यापूर्वीच निसटलेली चकती अगदी सपाट असते व तिची कड बोटाला धारदार लागते. नंतर निसटलेल्या चकतीच्या दोन्ही बाजूंना कडेने बारीक उंचवटा जाणवतो. ही दुसऱ्या प्रकारची चकती मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण साध्या पत्र्यातून कापलेल्या तुकड्याला असा काठ सहसा नसतो. आणखी एक खूण फार उपयोगी आहे. नाण्याच्या कडेचे साधे उभे दाते ठसा मारतानाच चकतीभोवती असलेल्या धातूच्या गोल कड्यामुळे उमटतात, त्यामुळे दोन्ही तोंडे कोरी पण कडेला असे दाते शाबूत, अशी चकती हाती आली, तर ते पूर्ण घडलेले नाणे कोणीतरी नंतर घासून सपाट केलेले आहे हे ओळखावे.

मालवणच्या बाजारातील एका ओळखीच्या दुकानदार काकांच्या गल्ल्यात अशीच एक पांढुरकी चकती आली होती. “ह्यां नाणां खोटां काय रे?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. चकतीला उचललेला काठ होता, ती लोहचुंबकाला चिकटत होती, व्यास 25 मिलिमीटरला अगदी किंचित कमी भरला आणि सोनाराच्या काट्यावर वजन 4.84 ग्रॅम आले. आपली स्टीलची नाणी 83 टक्के लोखंड व 17 टक्के क्रोमियम असलेल्या फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असल्याने चुंबकाला चिकटतात, तर तांबे-निकेलची जुनी नाणी चिकटत नाहीत. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया 25 मिलिमीटर व्यासाचा आणि 4.85 ग्रॅम वजनाचा होता. 2011 च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही नेमके त्याच मापाचे आहे. तेव्हा ही चकती नाण्याचीच असावी असे मी काकांना सांगितले, मात्र ती रुपयाची की दोन रुपयांची, हे केवळ मापांवरून ठरवता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

आपल्या किनाऱ्यावर फसवणारे जिन्नस पुष्कळ सापडतात. विजेच्या लोखंडी बॉक्समधून वायर आत घेण्यासाठी जी गोल टिकली ठोकून काढतात, ती दुरून हुबेहूब कोऱ्या नाण्यासारखी दिसते; परंतु तिच्या कडेला जोड तुटल्याचे लहानसे टोक राहिलेले असते. ट्रॉलरची इंजिने दुरुस्त होतात तिथल्या पत्र्याच्या तुकड्यांचेही तसेच आहे. इथे आपला खारा वारा परीक्षकाचे काम करतो: जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडी पत्र्याची चकती एखादा पावसाळा उघड्यावर राहिली की वरची तोंडे राखाडी राहतात आणि कापलेल्या कडेवर आधी तांबूस गंज धरतो, तर नाण्याच्या स्टीलवर असा गंज सहजी चढत नाही. पुळणीत सापडलेली अॅल्युमिनियमची पूर्ण गोल चकती पाहून तर हुरळूच नये, कारण एक व पाच पैसे चौकोनी, तीन व वीस पैसे षट्कोनी आणि दोन व दहा पैसे नागमोडी काठाचे होते. अॅल्युमिनियमचे चलनी पैसे गोल नव्हतेच. जुन्या घराच्या पडवीत मिळालेला जाड, ओबडधोबड तांब्याचा तुकडा बहुधा झिजलेली शिवराई निघतो. अंधारात टॉर्च आडवी धरून तो सावकाश फिरवावा. ‘छत्रपति’मधल्या एखाद्या अक्षराची नुसती सावली दिसली, तरी तो तुकडा माझ्या लेखी कोणत्याही कोऱ्या चकतीपेक्षा मोलाचा आहे.

सर्व मापे जुळली तरी एक शंका उरतेच. स्टीलच्या कोऱ्या चकत्या केवळ टांकसाळीतच तयार होत नाहीत. तामिळनाडूतील सेलम स्टील प्लांटमध्येही त्या तयार होतात. त्यामुळे एखादी चकती टांकसाळीच्या दारात न जाताच बाहेर पडलेली असू शकते, आणि तिला टांकसाळीची चूक म्हणणे काटेकोरपणे बरोबर ठरत नाही.

लाखो रुपये मिळतील अशा जाहिरातींना मुळीच भुलू नये. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच दिला आहे. चकती चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण चकाकीबरोबर वजनाचा आणि पृष्ठभागाचा पुरावाही जातो. काकांची चकती मी सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या डबीत ठेवून दिली असून, वजन, व्यास आणि ती कोठे मिळाली हे चिठ्ठीवर लिहून खाली ‘एक किंवा दोन रुपयांची कोरी चकती, संभाव्य’ अशी नोंद केली आहे.