दाभोळ खाडीच्या चिखलात आठचाकीची चेन तुटली: जाणाऱ्यांनी हे वाचून जा

विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "चेन आत बंदिस्त आहे, खारं पाणी लागतच नाही." साफ खोटं. पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या या गाडीच्या चेन टबाच्या (होडीसारख्या बंद तळाच्या) आत असतात हे खरं, पण ॲक्सलच्या सीलमधून पाणी झिरपतंच. ते तळाशी साचतं आणि चेन गंजते.

हर्णै, कर्दे, लाडघर हा भाग गाडी पिकअपवर चढवून मजेत पार पडला. पुढे मित्राच्या कोळंबी प्रकल्पाच्या बांधापर्यंत खाजणातून (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून) जायचं होतं. "ओहोटीला चिखल कडक असतो, बिनधास्त घाला," असं गावात सांगितलं. वरचा पापुद्रा तेवढा कडक, खाली मांडीभर रेंदा! उजवीकडून कडाड आवाज आला आणि गाडी जागच्या जागी उजवीकडे फिरायला लागली. या गाडीला वळायला वेगळी चाकं नसतात, एक बाजू रोखली की दुसरी ढकलते. त्यामुळे एका बाजूची मुख्य चेन गेली की गाडी संपली.

ट्रॅक्टरवाल्याने हजार ठरवले आणि भरतीचं पाणी टायरला लागल्यावर पाच हजार मागितले. दोर बांधायच्या आधी चार माणसांसमोर भाव पक्का करा.

सीट आणि फळ्या काढल्यावर दिसलं, तुटलेली चेन गोळा होऊन स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) अडकली होती. तीन दात मुळापासून गेले होते, बाकीचे एका बाजूला झुकलेले. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं.

चेन चिपळूणला मिळाली. आमची 5/8 इंच पिचची (दोन पिनांमधलं अंतर) होती, बेअरिंगच्या दुकानात 10A मागायची. आपली आधी मोजून जा, काही गाड्यांना 3/4 इंचाची असते. स्प्रॉकेट मात्र तयार मिळत नाही, आतल्या खाचा वेगळ्या. लेथवाल्याने जुन्याचा हब (मधला भाग) कापून घेतला, त्यावर तेवढ्याच दातांची नवी चकती वेल्ड केली आणि लेथवर फिरवून डगमग काढली. झकास काम, आणि पैसेही वाजवी.

चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप लावताना तिचं बंद टोक चेनच्या पुढे जाण्याच्या दिशेला ठेवा. दुसऱ्या बाजूची जुनी चेनही तपासा: 5/8 पिचच्या 12 कड्या ताणून 190.5 मिमी भरायला हव्यात, 194 च्या पुढे गेली तर फेका. जोडीला दोन लॉक, एक हाफ लिंक (लांबी एका कडीने जमवायला), चेन ब्रेकर (पिन काढायला) आणि पुलर (टोकं जवळ ओढायला) घेतल्याशिवाय खाजणात उतरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर मुळीच नाही, अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं.

नंतर तीच गाडी खाडीच्या पाण्यात उतरवली, टायरच्या खाचांनी पाणी कापत सरळ पलीकडे गेली. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण पलीकडे पोचताच फळी उघडून चेन पुन्हा ताणा, नवी चेन पहिल्या तासा-दोन तासांत ढिली पडते. तळाचं बूच काढून पाणी सोडा, गोड्या पाण्याने टब धुवा, सुकल्यावर ऑइल मारा.