काहींच्या दुर्बलतेमुळे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बायबल अभ्यासाच्या वर्गात दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला असतो : "वर्णभेदाचं पाप ज्यांनी केलं ते केव्हाच गेले. आजच्या मंडळीनं पश्चात्ताप का करायचा? आणि ताई, त्यात आपला काय संबंध?"

पहिल्या प्रश्नाला मला बायबलच्या जुन्या करारातला नहेम्या पुरतो. ज्या पापांनी इस्राएल बंदिवासात गेलं, ती त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची. तरी प्रार्थनेला बसल्यावर तो म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं पाप केलं आहे. "त्यांनी केलं" असं म्हणून तो मोकळा होत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी १८५७ सालात जावं लागतं. दक्षिण आफ्रिकेच्या केप कॉलनीतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ सभेपुढे, तेव्हा विषय होता : गोऱ्यांनी आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्या इतरांनी एकत्र उपासना करावी का? याच सिनडनं १८२९ मध्ये सांगितलं होतं की प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षारस, रंगाचा भेद न करता सर्वांना द्यावं. १८५७ चा ठरावही सुरुवातीला तेच म्हणतो. एकत्र असणं इष्ट आहे, शास्त्राला धरून आहे. मग पुढे येतं : पण काहींच्या दुर्बलतेमुळे ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा होत असेल, तर नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हायला हरकत नाही.

काहींच्या दुर्बलतेमुळे. हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पुढे वाचवेना. दुर्बल कोण होतं? काळ्या माणसाचे ओठ लागलेल्या प्याल्यातून पिणं ज्यांना सोसत नव्हतं, ते. आणि उठून बाहेर कुणी जायचं? ज्याचे ओठ लागले त्यानं. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलं की बळकटांनी अशक्तांचं सोसावं. इथे जमीन, सत्ता, बंदुका हाती असलेली माणसं स्वतःला अशक्त म्हणवत होती, आणि सोसायचं होतं ते ज्यांच्या हाती काहीच नव्हतं त्यांनी.

ठरावात ती नुसती सवलत होती. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळी मिशन मंडळीच निघाली. १९४८ नंतर सरकारनं अपार्टहाइड, म्हणजे कायद्यानं वर्णभेद, देशभर लागू केलं, तेव्हा देवानं भाषा वेगळ्या करून माणसांना पांगवलं ही बाबेलच्या बुरुजाची गोष्ट सांगून त्याला शास्त्राचा आधार द्यायला याच चर्चचे पंडित तयार होते. बायर्स नोडेंसारखे गोरे पाळक विरोधात उभे राहिले, त्यांना पाळकपद सोडावं लागलं, पुढे सरकारनं त्यांच्यावर सात वर्षं बंदी घातली. त्या मिशन मंडळीनंच १९८२ मध्ये बेलहार इथे विश्वासाचा कबुलीजबाब, म्हणजे आपण काय मानतो याचं जाहीर निवेदन, लिहिला : माणसांचं विभक्त असणं जी शिकवण पवित्र ठरवते, ती आम्ही नाकारतो. ज्यांना बाहेर बसवलं होतं, त्यांनीच आतल्यांना सुवार्ता शिकवली.

नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्गला भरलेल्या चर्चांच्या परिषदेत याच डच रिफॉर्म्ड चर्चचे विली योंकर हे गोरे प्राध्यापक उठले. त्यांनी स्वतःचं पाप कबूल केलं, आणि मग आपल्या चर्चच्या व आफ्रिकानर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या लोकांच्या वतीनंही. वर्णभेदाविरुद्ध लढलेले काळे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती कबुली स्वीकारली. पण काही काळ्या प्रतिनिधींना ते पटलं नाही : आमच्या वतीनं क्षमा करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मला ही हरकत फार मोलाची वाटते. टुटूंच्या मोठेपणाइतकीच. आणि हेही सांगायला हवं की गोऱ्यांचं ते चर्च आणि काळ्या-मिश्रवर्णीयांचं चर्च आजही एक झालेलं नाही.

आता आपला संबंध. वर्ण आणि जात एक नव्हे, हे मला कळतं. पण आमच्या नगरच्या मंडळीत कुणाचे पणजोबा महारवाड्यातून आले, कुणाचे मांगवाड्यातून, दोनचार घरं वरच्या म्हणवणाऱ्या जातींतली. बाक एक, प्याला एक. लग्नाची बोलणी निघाली की मात्र हळूच विचारतात, "मूळचे कुठले?"

बावीस वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावानं क्वायरमधल्या एका मुलीचं नाव घरात सांगितलं. मुलगी गुणी, शिकलेली, सगळ्यांच्या ओळखीची. सगळे म्हणाले, आमचं काही नाही हो, पण थोरल्या काकूंना चालायचं नाही. मग मला विचारलं. त्याच आठवड्यात मी वर्गात गलतीकरांस पत्र शिकवलं होतं, ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही. मी म्हणाले, "काकूंच्या जिवाला लागेल. थोडं थांबू या." त्या थोड्या थांबण्यात ते लग्न मोडलं. मुलीचं घर आमची मंडळी सोडून दुसरीकडे गेलं. मी पुढच्या रविवारी वर्ग घेतला.

१८५७ चा ठराव मी यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचला. काकूंची दुर्बलता मी पुढे केली होती. ती माझी होती.

मागच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या पश्चात्तापाच्या दिवसांत, मी त्या मुलीच्या घरी गेले. आता तिची मुलं मोठी आहेत. मी जे केलं ते, काकूंचं नाव न घेता, सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, चहा केला. क्षमा केली असं ती म्हणाली नाही आणि मी मागितलीही नाही. जिना उतरताना वरून म्हणाली, "आईला सांगते तुम्ही आला होतात म्हणून. ती अजून त्या चर्चवरून जायचं झालं तर रस्ता बदलते."