झील सापडली: सातव्या तालमीनंतरची नोंद

ट्रान्स गायकांसाठी सुरू झालेल्या आपल्या गायनगटात कुणी कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठल्या सा पासून गायचं, हा प्रश्न मिटल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तो मिटला नव्हता. सातव्या तालमीत अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर सोळाही आवाज विस्कटले. ती ओळ दोन तास घासली तरी सूर जुळेना. जो तो आपल्याच गळ्याला दोष देत घरी गेला, आणि हे फार वाईट झालं, कारण चूक गळ्यांची नव्हतीच. आधी ती चूक, मग बाकीचं.

ओसरी पेटीच्या काळी एकला सा धरून गाते, माळा काळी चारला. (नवीन आलेल्यांसाठी: ओसरी म्हणजे खालचे आवाज, माजघर मधले, माळा वरचे. 'पुरुष आवाज' आणि 'स्त्री आवाज' हे शब्द आपण पहिल्याच तालमीत सोडले. पेटीच्या सुरांनाही कारागीर खर्ज, नर, मादी म्हणतात. तालमीत तेही म्हणत नाही.) गाणं भूप रागात बांधलंय: सा रे ग प ध. माळ्याला तीच सरगम काळी चारवरून दिली, म्हणजे ओसरी जिथे सा म्हणते तिथे माळाही सा म्हणतो, फक्त ओसरीच्या प वरून. कागदावर छान दिसलं. पण काळी चारचा ग येतो पांढरी एकवर, आणि तिच्या शेजारची काळी एक हा ओसरीचा सा. अंतऱ्यात माळा 'ग' वर थांबतो तेव्हाच ओसरी तार सा धरते. म्हणजे लागूनच्या दोन पट्ट्या, दोन्ही दीर्घ. तिथे कुणीही गायलं असतं तरी ते बेसूरच लागलं असतं.

उपाय मूर्च्छनेत आहे, म्हणजे सूर तेच ठेवून त्यातल्या दुसऱ्या सुराला सा मानण्यात. भूपाचे सूर प पासून मोजले की दुर्गा राग होतो: सा रे म प ध. म्हणून माळ्याने ग सोडून म घ्यायचा. काळी चारचा म म्हणजे काळी एक, ओसरीचाच सा. एका सुराच्या बदलाने दोन्ही गटांचे पाचही सूर जुळले, आणि भूपात कुठलेही दोन सूर अर्ध्या सुराच्या अंतरावर नसल्यामुळे कुठली ओळ कुठल्या ओळीवर पडली तरी खुपत नाही. पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीत स्त्री-पुरुष गायक आपापल्या पट्टीत वेगळे राग गातात, त्यामागचं गणितही मूर्च्छनेचंच. आणखी एक फायदा: तंबोरा एकच पुरतो. ओसरीचा सा-प हा माळ्याला म-सा ऐकू येतो आणि दुर्गाला तो चालतो. 'रागिणी' हे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं यंत्र काळी एकला लावून मध्यभागी ठेवा. मोबाइलवरचा तंबोरा सरावाला ठीक, पण त्याच्या स्पीकरमधून खर्ज येत नाही आणि सोळा माणसांत तो हरवतो.

आता 'सगळ्यांनी मधली पट्टी धरू' म्हणणाऱ्यांसाठी. काळी तीन तिसऱ्या तालमीत करून पाहिली. ओसरीचा गळा तार सप्तकात ताणला गेला, माळ्याचे मंद्राचे शब्द नुसती हवा झाले. तडजोडीची पट्टी कुणाचीच नसते.

इतकं जुळलं तरी माजघर उरलंच, आणि खरा गुंता तिथे होता. माजघरात चार जण. लिंग-संक्रमणासाठी टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन सुरू केल्यावर स्वरतंतू जाड होतात, काही महिन्यांत आवाज उतरू लागतो, आणि स्थिरावायला वर्ष किंवा जास्तही लागतं. त्या काळात गळा मध्येच फाटतो. महिन्यापूर्वीचा सूर आज लागेलच असं नाही. उलट ट्रान्स स्त्रिया घेतात त्या इस्ट्रोजेनने आवाज वर चढत नाही. त्यामुळे ज्यांचा गळा खाली सहज जातो पण तिथला आवाज स्वतःलाच परका वाटतो, त्याही माजघरात येतात. म्हणून प्रत्येकाच्या आवाजाच्या कार्डावर आता दोन रकाने आहेत: 'पोचतो' आणि 'नांदतो'. दहा मिनिटं नुसत्या 'आ' वर गाऊन झाल्यावर प्रत्येकाला पेटीवर एकेक पट्टी खाली आणि वर नेतो. गळा कुठवर जातो ते पहिल्या रकान्यात, कुठे राहायला बरं वाटतं ते दुसऱ्यात. गाणं बांधायचं ते दुसऱ्या रकान्यावरून. माजघराचं कार्ड दर दुसऱ्या तालमीला नव्याने भरायचं, जुन्या कार्डावर भिस्त ठेवायची नाही.

आजच्या कार्डांत चौघांचा 'नांदतो' काळी दोन ते काळी पाच इतकाच जुळतो. म्हणजे आठ पट्ट्या, आणि त्यात भूपाचे चार सूर: रे ग प ध. सा नाही. आधी माजघराला नुसता प धरून ठेवायला दिला होता. सुरात होता, पण सगळे गातायत आणि चौघे तंबोऱ्याचं काम करतायत, हे बघवेना. ज्यांच्यासाठी गट सुरू झाला त्यांनाच कोपरा मिळत होता.

उत्तर पोवाड्यात होतं. झीलकरी, म्हणजे शाहिरामागे साथीची ओळ (झील) धरणारे! झील मुख्य शाहिराइतक्या सुरांत फिरत नाही, तरी तिच्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही. चार सुरांची झील बांधली: ग प ध प, ग रे ग, एक मात्रा मोकळी. आठ मात्रा, भजनी ठेक्याचं एक आवर्तन. ती मोकळी मात्रा श्वासाची आहे. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालतात तो घट्ट कपडा) घातला असेल तर फासळ्या पुरत्या फुलत नाहीत आणि लांब ओळीत दम संपतो, म्हणून श्वासाची जागा बांधणीतच हवी. शुक्रवारी चौघांनी झील धरली, त्यावर ओसरीने भूप आणि माळ्याने दुर्गा टाकला. दुसऱ्या आवर्तनाला कुणीही खूण न करता टाळ्या आल्या. सात तालमींत पहिल्यांदा कोण कुठल्या गटातलं ते ऐकून कळत नव्हतं.

बाहेरून दोघातिघांनी पाश्चात्त्य कॉयरच्या (समूहगायनाच्या) चार भागांच्या रचना सुचवल्या. त्या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस लोकांपुढे पहिल्यांदा गायला तो २७ नोव्हेंबर १९७८ ला, शहराचे उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली त्याच दिवशी संध्याकाळी, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर. पण आपल्याकडचे बहुतेक जण कानाने शिकतात, आणि झील, टाळ, ठेका त्यांच्या अंगात आधीच आहे. तिथून सुरुवात केली की तीन तालमी वाचतात.

शब्दांचं काम सोपं झालं. मराठीत 'मी चाललो' किंवा 'मी चालले' म्हटलं की लिंग आलंच. दोन्हींचं वजन सारखं, म्हणून ज्याने त्याने आपलं रूप गावं असं ठरवलं होतं. पण शेवटचं अक्षर दीर्घ स्वरावर येतं आणि 'ओ' नि 'ए' एकत्र ओढले की नुसती गिचमिड ऐकू येते. आता जिथे ओढ आहे तिथे 'मी येईन', 'मी गाईन', 'आम्ही चाललो'. ज्याची त्याची रूपं फक्त तुटक, एका मात्रेच्या शब्दांत. 'मी जाई', 'मी गाई' ही जुनी रूपंही लिंग विचारत नाहीत. कडव्याला ती फार शोभतात.

पेटी दुरुस्तीहून आली ती काळी पाच उतरलेली. माजघराचा ध नेमका तोच. पेटी घेताना दुकानातच ट्यूनर लावून बाराही पट्ट्या तपासा, नुसत्या सा-प वर समाधान मानू नका. शिवाय खर्जाचा खटका बंद ठेवा. तो उघडा असला की ओसरीवर चढतो आणि झील बुडते.

माइक चार, सगळे डायनॅमिक, एकामागे चार जण. तोंडापासून माइक एक फूट असेल तर दोन माइकांत किमान तीन फूट हवेत, नाहीतर एकच आवाज दोन ठिकाणी पकडला जाऊन पोकळ होतो. झीलकऱ्यांचा माइक सर्वात आधी लावायचा. दारात दोन रंगांच्या फिती: हिरवी म्हणजे फोटो चालेल, लाल म्हणजे नाही. लाल फितवाले कॅमेऱ्याच्या उलट बाजूला बसतील अशा खुर्च्या मांडायच्या, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या भरवशावर राहावं लागत नाही. नोंदवहीत स्वतः सांगितलेलं नाव, ओळखपत्रावरचं नाही.

हे लिहिता लिहिता कार्यक्रमाचा क्रम बदलतोय. झील इतकी भक्कम आहे तर सुरुवात पेटीने कशाला? आधी चौघे झीलकरी, नुसत्या टाळांवर, दोन आवर्तनं. मग चौंडकं. यल्लम्माच्या जोगत्यांच्या गाण्यातलं हे वाद्य, आणि स्त्री-पुरुषाच्या चौकटीबाहेरची माणसं ते आपल्या आधी कित्येक पिढ्या वाजवत आलीत. म्हणून यूट्यूबवर बघून शिकायचं नाही. वाजवणाऱ्यांनाच बोलवायचं, मानधन आगाऊ द्यायचं, आणि ते शिकवतील तेवढंच घ्यायचं. त्यासाठी चौथं गाणं काढून टाकतोय, तीनच ठेवू. चौंडक्याचं कातडं पावसात सैल पडतं, तेव्हा तालमीच्या खोलीत शंभर वॉटचा पिवळा बल्ब हवा. एलईडी ऊब देत नाही.

आठव्या तालमीला: माजघराची कार्डं नव्याने, काळी पाच दुरुस्त, टाळांचे चार जोड. शाहिराची जागा दर कडव्याला फिरती ठेवायची. पहिलं कडवं माजघराचं, आणि त्या कडव्यापुरती झील ओसरी धरेल, त्याच चार सुरांत.