हारातले पाचू

पहाडी चित्राचं एक जुनं पान आमच्या चित्र-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत आलं. सोबतच्या पत्रात मागणी होती: नायिकेच्या दागिन्यांवर बुरशीचे काळे डाग पडले आहेत, ते काढून द्यावेत. पत्राला स्कॅनची प्रत जोडली होती आणि तिच्यात ते डाग खरोखरच काळे दिसत होते.

चित्र बसोहली शैलीचं. सपाट, झळझळीत पिवळी पार्श्वभूमी, लाल हाशिया म्हणजे कडेची पट्टी, कानापर्यंत गेलेले डोळे. बसोहली हे जम्मूच्या डोंगरातलं, रावीच्या काठचं एके काळचं छोटं संस्थान. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ या नायक-नायिकांवरच्या संस्कृत काव्यावर चित्रमालिका रंगवल्या गेल्या. त्यांतली एक देवीदास या चित्रकाराने राजा कृपाल पालसाठी १६९४-९५ मध्ये केली. या शैलीची चित्रं ज्याने हातात धरून पाहिली आहेत, त्याला दागिन्यांच्या जागी ‘बुरशी’ हा शब्द खटकल्याशिवाय राहत नाही.

पान सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि दिवा बाजूला, अगदी खाली आणला. काळा डाग एकदम हिरवा पेटला. पान जरासं कलवलं तर हिरव्याचा निळा झाला, कडेला तांबूस झाक आली. कडा धारदार पात्याने कापलेल्या आणि पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे. भुंगेऱ्याच्या पंखावरचं टणक कवच! चित्रकाराने त्याचे तिळाहून लहान तुकडे कापून पाचू म्हणून हारात बसवले होते. शेजारचे मोतीही नुसते रंगवलेले नव्हते. पांढऱ्या रंगाचे दाट थेंब ठेवून ते उठावाचे केलेले होते.

या हिरव्यात रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून ठरावीक रंगच उजळून निघतो. म्हणून तो उन्हाने विटत नाही. जर्मनीत मेसेल इथे सापडलेल्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यांच्या जीवाश्मांत हा धातूसारखा रंग अजून दिसतो. मात्र प्रकाश आणि डोळा यांचा कोन जमला नाही, तर तोच तुकडा काळपट दिसतो. स्कॅनरमध्ये दिव्याचा कोन ठरलेला आणि पान जागचं हलत नाही. डाग तिथे पडले होते, चित्रावर नव्हे.

मला या चित्रकाराच्या विचाराचं फार अप्रूप वाटतं. त्या काळात खरे पाचू दक्षिण अमेरिकेतल्या खाणींतून पोर्तुगीजांच्या गोव्यात येत आणि तिथून मुघलांच्या खजिन्यात जात. खऱ्या पाचूची लकाकी हिरव्या रंगाने कागदावर उतरत नाही, कारण रंग एका जागी स्थिर राहतो. ही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हतीच. मांडीवर ठेवून, हातात धरून पाहायची. हात हलला की नायिकेचा हार लकाकणार, हे ओळखून त्याने भुंगेरा निवडला. त्याला मी काटकसर म्हणणार नाही. जपानमध्ये नारा इथल्या होर्यू-जी मंदिरात सातव्या शतकातला एक छोटा देव्हारा आहे. त्याच्या धातूच्या जाळीदार पट्ट्यांखालीही अशीच कवचं बसवली होती. आज त्यांतली फारच थोडी उरली आहेत. कवच टिकतं, पण ते धरून ठेवणारा चिकटा वाळून सुटतो.

आमच्या पानावरही एक तुकडा एका टोकाला उचलला गेला होता. माशाचा सरस अगदी पातळ करून, सर्वांत बारीक कुंचल्याच्या टोकाने त्याच्याखाली सोडला आणि तुकडा अलगद टेकवला. हाशियाची एक कड कसरीने कुरतडली होती. तिथे जपानी कागदाचा आधार दिला. एका कीटकाने खाल्लेल्या पानावर दुसऱ्याचं कवच तीनशे वर्षं शाबूत होतं. मागितलेली सफाई मात्र केली नाही. ओल्या कापसाचा एक फेरा पुरला असता, सगळे पाचू निघून आले असते.

पानाचे मालक आले तेव्हा मी त्यांना खुर्ची खिडकीजवळ घ्यायला सांगितलं आणि पान आधारासकट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कलवलं, पुन्हा कलवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, माझ्याकडे याच्या जोडीची आणखी दोन पानं आहेत. ती मागेच साफ करून घेतली आहेत.”

ती पानं पुढच्या आठवड्यात आली. दोन्ही नायिकांच्या गळ्यात मोत्यांच्या मधोमध गोंदाचे पिवळट ठसे होते, आणि एका बाजूबंदाच्या कोपऱ्यात हिरव्या कवचाची एक कपची तेवढी राहिली होती. अहवालात मी प्रत्येक ठशाची जागा नकाशावर दाखवली. साहित्याच्या रकान्यात ‘भुंगेऱ्याच्या पंखाचं कवच’ असं ठळक लिहिलं आणि खाली लाल शाईत सूचना दिली: दागिन्यांवर कापूस किंवा ओला कुंचला लावू नये, छायाचित्र तिरक्या प्रकाशात घ्यावं.