वर्गीकृत नकाशातले ठिपके चाळताना

उपग्रहाच्या प्रतिमेचे पिक्सेलवार वर्गीकरण केले, म्हणजे प्रत्येक पिक्सेल शेत, जंगल, पाणी की वस्ती हे ठरवले, की शेताच्या मधोमध वस्तीचे दोन पिक्सेल, जंगलात पाण्याचा एखादा, असे ठिपके हमखास उरतात. ते काढण्यासाठी मी टर्मिनलवरून जीडॅल या नकाशांवर काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची सीव्ह (चाळणी) ही आज्ञा चालवतो. समान मूल्याचे, एकमेकांना चिकटलेले पिक्सेल मिळून एक तुकडा, असे ती धरते आणि ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा लहान तुकड्याला शेजारच्या सर्वांत मोठ्या तुकड्याचे मूल्य देते. आजूबाजूच्या पिक्सेलांचे बहुमत घेणाऱ्या फिल्टरनेही ठिपके जातात, पण त्यात मोठ्या तुकड्यांच्या कडा विनाकारण झिजतात. इथे त्या शाबूत राहतात.

ही संख्या 'एसटी' या पर्यायापुढे लिहायची असते. न लिहिल्यास ती २ धरली जाते, म्हणजे केवळ सुटे पिक्सेल जातात. ती नजरेच्या अंदाजाने नव्हे, तर जमिनीवरच्या क्षेत्रफळावरून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. एक हेक्टरपेक्षा लहान काहीच दाखवायचे नसेल, तर सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या पिक्सेलांसाठी ती १०० होते, मात्र लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटरच्या पिक्सेलांसाठी जेमतेम १२. तिथेही १०० लिहिले, तर नऊ हेक्टरपर्यंतचे तुकडे निमूटपणे गायब होतात. नकाशा अक्षांश-रेखांशांच्या अंशांमध्ये असेल, तर पिक्सेलचे क्षेत्रफळ अक्षांशानुसार बदलते, म्हणून आधी तो समक्षेत्र प्रक्षेपणात, म्हणजे क्षेत्रफळ सगळीकडे सारखे राखणाऱ्या मांडणीत आणावा.

याहून नाजूक मुद्दा आहे जोडणीचा. तिरका वाहणारा, एका पिक्सेलच्या रुंदीचा ओढा घ्या. त्याचे पिक्सेल केवळ कोपऱ्यांनी एकमेकांना टेकलेले असतात. चार दिशांची (वर, खाली, डावीकडे, उजवीकडे) जोडणी ही मूळ निवड तशीच ठेवली, तर त्यातला प्रत्येक पिक्सेल वेगळा तुकडा ठरतो आणि कितीही लांब असला तरी अख्खा ओढा चाळणीतून गळतो. '-८' लिहिले की कोपरेही जोडले जातात आणि ओढा टिकतो. अर्थात त्याबरोबर तिरके चिकटलेले काही खोटे ठिपकेही टिकतात.

लहान तळ्यांना मात्र हा उपाय पुरत नाही, कारण तळे आणि चुकीचा ठिपका यांतला फरक आज्ञेला कळत नाही. म्हणून तपासून खात्री केलेली तळी मी वेगळ्या रास्टरमध्ये (पिक्सेलांच्या जाळीच्या फाइलमध्ये) ठेवतो आणि चाळून झाल्यावर जीडॅल-कॅल्क या रास्टरांवर गणित करणाऱ्या आज्ञेने ती पुन्हा वर बसवतो.

जिथे सगळेच तुकडे मर्यादेपेक्षा लहान आहेत, तिथे सामावून घेणारा मोठा शेजारीच नसल्याने काहीही बदलत नाही. असा भुरभुरीत पट्टा दिसला, तर चाळणीशी झटापट न करता वर्गीकरण शिकवण्यासाठी दिलेले नमुने पुन्हा तपासावेत. आणखी एक, निकालाच्या फाइलचे नाव दिले नाही, तर बदल थेट मूळ रास्टरमध्येच होतात.