चाकणचे परदेशी साहेब आणि त्यांच्या व्हिसाचे प्रश्न

व्हिसा म्हटलं की आपल्याकडे मुलं परदेशी चालल्याचीच चर्चा. माझं काम उलट्या दिशेचं. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरला आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या कोरियन, जपानी, जर्मन इंजिनिअरांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे आसपासच्या कंपन्यांतल्या एचआरच्या मुली, फ्लॅट भाड्याने देणारे काका, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे मलाच विचारतात. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

पहिला प्रश्न हमखास वरून येतो. ‘लाइन पुढच्या महिन्यात सुरू करायचीय, आत्ता त्याला बिझनेस व्हिसावर येऊ दे, इथे आल्यावर बदलून घेऊ.’ नाही घेता येत. बिझनेस व्हिसावर आलेल्या माणसाचा भारतात बसून एम्प्लॉयमेंट व्हिसा करून मिळत नाही. त्याला मायदेशी परतून तिथल्या भारतीय वकिलातीतूनच नवा अर्ज करावा लागतो. मीटिंगा, खरेदीची बोलणी, प्लांटची पाहणी इतपत बिझनेस व्हिसावर चालतं. रोज सकाळी पंचिंग करून शॉप फ्लोअरवर उभं राहायचं, इथल्या माणसांकडून काम करून घ्यायचं, तर एम्प्लॉयमेंट व्हिसाच हवा. व्हिसा काढणं एक वेळ सोपं, पण हे प्रॉडक्शनवाल्यांच्या गळी उतरवताना जीव मेटाकुटीला येतो.

दुसरा प्रश्न पगाराचा. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वर्षाला 16.25 लाख रुपयांपेक्षा जास्त पगार लागतो. कारण सरळ आहे. जे काम करायला इथली माणसं मिळतात त्यासाठी बाहेरून माणूस आणू नका, असं सरकारचं म्हणणं. कारकुनी, सेक्रेटरीची किंवा नेहमीची साधी कामं यात बसतच नाहीत. पगाराची अट म्हणजे त्यावर मारलेली खुंटी. आता कंपनीने दिलेलं घर या रकमेत धरायचं का? ज्या सवलतींवर पगार म्हणून इन्कम टॅक्स लागतो, त्या धरता येतात. मात्र रोख पगार आणि भत्ते किती आणि घर वगैरे सवलतींची किंमत किती, हे करारात वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. ‘कॉस्ट टू कंपनी अमुक’ अशी एका ओळीची पत्रं पाठवू नका, ती परत येतात.

या अटीला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक मला फार आवडतो: आचारी. स्वतःच्या (परक्या) देशाची खास पाककृती करणारे आचारी, दुभाषे आणि इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक यांना 16.25 लाखांची अट नाही. आमच्या कोरियन मंडळींनी कॅन्टीनची उसळ-चपाती दोन-चार दिवस कौतुकाने खाल्ली, मग गेस्ट हाऊसला त्यांचा स्वतःचा आचारी हवा म्हणाले. फाइल फायनान्सकडे गेली तेव्हा तिथले साहेब खुर्चीतून उठलेच. ‘सोळा लाख? आचाऱ्याला? अहो, माझ्या सीनिअर मॅनेजरला नाहीत!’ त्यांना अपवाद दाखवला तेव्हा कुठे सही झाली. पगाराची अट नसली तरी व्हिसा मात्र आचाऱ्यालाही एम्प्लॉयमेंटचाच लागतो, हे विसरू नका.

तिसरा प्रश्न समोरून नाही येत, जेवणाच्या सुट्टीत हळूच विचारला जातो. ‘मॅडम, तुमच्याकडचा तो पेंट शॉपचा जर्मन आमच्याकडे यायला तयार आहे, त्याचा व्हिसा आहेच ना?’ आहे, पण तो आमच्या खुर्चीचा आहे. कंपनी बदलली की हा व्हिसा कामाचा राहत नाही. माणसाने देश सोडायचा, नव्या कंपनीच्या कागदांवर नवा व्हिसा काढायचा आणि मग परत यायचं. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी, किंवा एकाच मूळ कंपनीच्या दोन उपकंपन्या, अशी बदली असेल तरच इथल्या इथे परवानगी मागता येते. तीही आधी मागायची. त्याला सोमवारपासून दुसऱ्या प्लांटला बसवून गुरुवारी अर्ज टाकायचा, असं नाही.

आता नोंदणी. एम्प्लॉयमेंट व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, नोंदणी करायची. पूर्वी यासाठी फायली घेऊन पोलीस आयुक्तालयात बसावं लागे. 2018 मध्ये ई-एफआरआरओ ही ऑनलाइन सोय आली आणि बहुतेक काम घरबसल्या व्हायला लागलं. आमच्या भागातला घोळ वेगळाच. प्लांट चाकणला, म्हणजे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आणि साहेब राहणार बाणेरला, म्हणजे पुणे शहरात. नोंदणी राहत्या पत्त्यावर होते, कारखान्याच्या नव्हे.

राहता पत्ता म्हटलं की घरमालक आले. परदेशी माणूस घरात राहायला आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची, हे काम घरमालकाचं. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. फक्त हॉटेलांनी भरायचा असतो अशी समजूत आहे, ती चुकीची. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी नवा एकत्रित कायदा लागू झालाय, 1946 चा जुना फॉरेनर्स अॅक्ट गेला, पण घरमालकाची ही जबाबदारी काही गेलेली नाही.

बाणेरच्या एका काकांचा फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा ते माझ्यासमोर लॅपटॉप उघडून बसले. पहिली शंका, ‘फॉर्म भरला की पोलीस दारात येणार का हो? सोसायटीत चर्चा नको.’ म्हटलं काका, न भरल्यावर येतील. मग नावाशी अडले. कोरियन माणसाचं आडनाव आधी येतं, ‘किम’ वगैरे, आणि पुढचं नाव दोन तुकड्यांत. काकांनी आपल्या पद्धतीने त्यातला शेवटचा तुकडा आडनावाच्या रकान्यात टाकला. भाडेकरारात एजंटने तिसराच क्रम लावलेला. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी छापलेली असते, ती बघायची आणि व्हिसा, करार, सी-फॉर्म सगळीकडे अक्षर न अक्षर तसंच लिहायचं. आमचा करार पुन्हा करावा लागला, काकांनी चहा पाजला.

भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीचीच आहे आणि इथे तर पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो. नव्याने आलेल्याकडे आधार नसतं, त्यामुळे आपण करतो तशी घरी अंगठा लावून नोंदणी अडते. परदेशी माणसाला आधार मिळू शकतं, पण इथे 182 दिवस राहून झाल्यावर. तेवढा वेळ 14 दिवसांच्या मुदतीत कुठून आणणार? तेव्हा एजंटशी आधीच बोलून ठेवा.

बायको-मुलांना एंट्री व्हिसा मिळतो, साहेबाच्या व्हिसाइतक्याच मुदतीचा. त्यावर बायकोला नोकरी करता येत नाही. एका इंजिनिअरची बायको औंधला जपानी शिकवायला उत्सुक होती, तिलाही हेच सांगावं लागलं.

पीएफबद्दल कोणी विचारत नाही, पहिली पगारस्लिप हातात पडली की बोंब होते. आपल्यासाठी पीएफला 15,000 रुपयांची मर्यादा आहे, परदेशी कर्मचाऱ्याला 2008 पासून तीही नाही. पूर्ण पगारावर 12 टक्के, आणि पैसे सहसा 58 व्या वर्षाशिवाय हातात येत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, पण आमच्याकडची कपात काही थांबलेली नाही. सुटका एकच. जर्मनी, कोरिया, जपान यांच्याशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिथल्या कंपनीने पाठवलेला माणूस तिथलीच वर्गणी भरत असेल तर त्याने तिकडच्या कार्यालयाचं कव्हरेज सर्टिफिकेट आणायचं, मग इथे कपात नाही. ते निघण्यापूर्वीच मागवा. अमेरिकेशी असा करार नाही, त्यामुळे अमेरिकन साहेबांची नाराजी दर महिन्याला ऐकावी लागते. आणि हो, पगार सोलच्या बँकेत जमा होत असला तरी काम चाकणला केलंय, म्हणजे टॅक्स इथेच. पॅन पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

शेवटचा प्रश्न मुदतवाढीचा. अर्ज मुदत संपायच्या आत करायचा. मधेच पासपोर्ट बदलला, घर बदललं, तर तेही ई-एफआरआरओवर कळवायचं. मुदत संपून गेली असेल तर देशाबाहेर जाण्यासाठी आधी एक्झिट परमिट लागतं. साहेबांची विमानं असतात रात्रीची. मुदत संपल्याचं रात्री दोन वाजता इमिग्रेशनच्या काउंटरवर कळलं तर फोन एचआरलाच येतो आणि त्या वेळी मी ‘तिकीट बदलून घ्या’ याखेरीज काही सांगू शकत नाही.